रडण्याचा दाखला

आईबाप मेल्यावर माणसाने किती रडावं, कुठल्या सुरात रडावं, रडता रडता हसू आलं तर ते कुठे लपवावं, याचा जीआर अजून कुठल्या सरकारने काढलेला नाही. पण पुस्तकं वाचणाऱ्या मंडळींनी तो कधीच काढलाय. सह्या झाल्यात. शिक्का बसलाय. त्या जीआरबरहुकूम जो लेखक रडणार नाही त्याला दाखला मिळणार नाही. दुःख खरं असल्याचा दाखला! जातीचा दाखला काढायला आम्ही कचेरीच्या पायऱ्यांवर चपला झिजवल्या. आता रडण्याचाही काढायचा?

आज मी एका गोऱ्या अमेरिकन लेखकाची बाजू घेणार आहे. दोस्तहो, दचकू नका. अर्धीच घेणार आहे. उरलेल्या अर्ध्यात त्याची गचांडी धरणार आहे. आणि गचांडी धरायची तर माझी मानही त्याच्या शेजारीच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पुस्तकाचं नाव 'अ हार्टब्रेकिंग वर्क ऑफ स्टॅगरिंग जीनियस'. आपल्या भाषेत, काळीज फोडणारी, डोळे दिपवणाऱ्या प्रतिभेची कृती. स्वतःच्या पुस्तकाला स्वतःच ठेवलेलं हे नाव! लेखक डेव्ह एगर्स, साल २०००. मला त्याची २००१ ची कागदी बांधणीची आवृत्ती फाउंटनच्या फुटपाथवर मिळाली. मागची पानं उलटी छापलेली. मला वाटलं बायंडरने घोळ घातला, म्हणून भांडून वीस रुपये कमी करून घेतले. घरी येऊन बघतो तर घोळ कसला, मुद्दाम केलेलं! त्या उलट्या भागाचं नावच 'चुका करतोय हे ठाऊक असताना केलेल्या चुका' अशा अर्थाचं. पहिल्याच दिवशी ह्या माणसाने मला उल्लू बनवलं.

गोष्ट साधी आहे. शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठी लेक फॉरेस्ट नावाचं खात्यापित्या लोकांचं गाव. बाप वकील, आई शिक्षिका. १९९१ सरता सरता बाप कॅन्सरने गेला. पाच आठवडे होत नाहीत तोच आई गेली, तीही कॅन्सरने. डेव्ह एकवीस वर्षांचा. त्याच्यावर एक भाऊ, एक बहीण. आणि सगळ्यात धाकटं शेंडेफळ आठ वर्षांचं. त्या पोराला घेऊन डेव्ह कॅलिफोर्नियात बर्कलीला गेला आणि एकविसाव्या वर्षी भावाचा बाप झाला. डबा, शाळा, पालकसभा, अंथरूण, कपडे, रात्रीची गोष्ट. शेजारीच ओकलंड. १९६६ साली ब्लॅक पँथर उभी राहिली ते ओकलंड. तिचं नाव उचलून १९७२ साली मुंबईत आपली पोरं उभी राहिली. पुस्तक वाचताना मी त्या नकाशाकडे पुनःपुन्हा बघत होतो. एवढ्या जवळ, आणि दुःखाची चाल एवढी वेगळी! त्यावर पुढे येतो.

आता त्या पुस्तकाच्या खोड्या ऐका. कॉपीराइटच्या पानावर लेखकाने स्वतःची उंची आणि वजन छापलंय. ऋणनिर्देश पानंच्या पानं चालतो. हे प्रकरण वगळलं तरी चालेल, तो भाग नाही वाचला तरी बिघडत नाही, असा सल्ला. पुस्तकातली सूत्रं कोणती, प्रतीकं कोणती, त्यांची यादी, म्हणजे प्राध्यापकांचं काम परस्पर उरकलेलं. पुस्तकाचे एक लाख डॉलर मिळाले, त्यातून एजंटची दलाली गेली, कर गेला, हातात काय उरलं, याचा हिशोब. पुस्तक वाचल्याचा पुरावा पाठवणाऱ्या पहिल्या दोनशे वाचकांना पाच डॉलरच्या चेकचं आमिष. आणि मधेच स्टेपलरचं चित्र. प्रतीक नाही, काही नाही. नुसता स्टेपलर.

ह्या तमाशातून वाचक आत येतो. तमाशा हा शब्द मी आदराने वापरतोय. गण-गवळण झाल्याशिवाय वग सुरू होत नसतो. आत आल्यावर समोर कोचावर आई पडलेली. पोटाचा कॅन्सर. नाकातून रक्त येतंय ते थांबत नाही. पोरगा तिचं नाक दाबून धरून बसलाय आणि समोर टीव्ही चालू आहे.

पुस्तक तुफान खपलं. मोठ्या वर्तमानपत्रांनी वाखाणलं. २००१ साली पुलित्झरच्या शेवटच्या यादीत गेलं. आणि वाचकांची उभी फाळणी झाली. तिकडे झाली, आणि आमच्या सात-आठ जणांच्या बैठकीत मी पुस्तक फिरवलं तेव्हा इथेही झाली.

पहिली टोळी म्हणाली, हा मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोय. आईबाप मेलेत आणि ह्याला कोट्या सुचतायत. सरळ सांग ना बाबा, दुःख झालं म्हणून! दुसरी टोळी म्हणाली, वाहवा! रडारड नाही, कढ नाही, काय बुद्धी, काय चलाखी! तिसरे काठावरचे. पहिल्या प्रकरणात रडलो, पुढे कंटाळलो, नुसतं मी-मी-मी.

पहिल्या टोळीला आधी घेऊ.

माझा बा गिरणीत होता. १९८२ च्या संपात गिरणी गेली, तो राहिला. २००९ साली एका सरकारी दवाखान्यात तो शेवटचे दिवस मोजत पडला होता. एका दुपारी वॉर्डात खाटांची अदलाबदल झाली. संध्याकाळी कुठल्याशा गावाहून एक म्हातारी आली, बा'च्या खाटेवर कोसळली आणि गळा काढून रडायला लागली. तिचा भाऊ त्या नंबरावर होता. बा जिवंत. टक्क जागा. तो काही बोलेना. आपला हात तिच्या पाठीवर ठेवून थोपटत राहिला. दहा मिनिटं. मी तिला उठवायला गेलो तर डोळ्यांनी दटावलं. ती गेल्यावर म्हणतो, "रडू दे रं. आपल्यासाठी एवढं कोण रडणाराय? आयतं मिळालं तर घ्यावं."

मी हसलो. वॉर्डात, बापाच्या खाटेशी उभा राहून, पोट धरून हसलो. चौथ्या दिवशी बा गेला. आता मला सांगा टीकाकार महाशय, ते हसणं खोटं होतं? तुमच्या जीआरप्रमाणे मी ते खोडायचं? खोडलं तर माझा बापच खोडला जाईल. कारण बा तसाच होता. त्याला रडका बाप करून छापणं हीच लबाडी झाली असती.

मरणाच्या घरात एकच सूर कधीच नसतो. ज्याने तिरडी बांधलीय त्याला विचारा. एक बाई ऊर बडवते, दुसरी चहाला साखर पुरेल का ते बघते, आणि कोपऱ्यात दोघे जण हळूच गेलेल्याची जुनी भानगड आठवून तोंडाला पंचा लावून हसतात. तिन्ही खरं. एगर्सने ह्या तिन्ही गोष्टी एकाच पानावर ठेवल्या, एवढाच त्याचा गुन्हा. पुस्तकाच्या शेवटाकडे तो आईची राख घेऊन मिशिगन सरोवराच्या काठी जातो. देह तिने वैद्यकीय कामाला दिला होता, राख उशिरा हाती आली. तो ती पाण्यात टाकायला बघतो आणि सगळा बोजवारा उडतो. पवित्र क्षण वगैरे काही घडत नाही. वाचून काहींना संताप आला. मला त्याच पानावर गलबलून आलं. कारण पवित्र क्षण नटवता येतो. बोजवारा नटवता येत नाही.

तिकडे ह्या भांडणात एक शब्द फार मिरवला गेला. आयरनी. उपरोध. १९९९ सालीच जेडेडाया पर्डी नावाच्या एका तरुण लेखकाने ह्या उपरोधी वृत्तीविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं होतं. एगर्सच्या पुस्तकावर तोच शिक्का बसला. तो इतका भडकला की त्या उलट्या पानांत बारीक टायपात त्याने भांडणच मांडलं: माझ्या पुस्तकात उपरोध दाखवा! विनोद म्हणजे उपरोध नाही, खोडी म्हणजे उपरोध नाही, घाबरलेला माणूस बडबडतो तो उपरोध नाही. हे त्याचं म्हणणं मला पटतं. तोंडाने एक बोलायचं आणि मनात दुसरं ठेवायचं, असं इथे नाही. हा तोंडाने दहा गोष्टी बोलतो आणि दहाही त्याच्या मनात आहेत.

पुढे सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कचे मनोरे पडले. महिना संपायच्या आत 'टाइम' साप्ताहिकात रॉजर रोझेनब्लाटने लिहून टाकलं की उपरोधाचं युग आता संपलं. म्हणजे आता सगळ्यांनी एका सुरात रडा. आणि ऑक्टोबरात विमानं अफगाणिस्तानावर! मी असं म्हणत नाही की लेखातून बॉम्ब पडले. मी एवढंच म्हणतो, रडण्याचा एकच सूर सक्तीचा झाला की त्या सुरात कोण कवायत करवून घेतोय हे आधी बघावं. हेच एगर्स आधी सॅन फ्रान्सिस्कोत मित्रांबरोबर 'माइट' नावाचं लहानसं नियतकालिक काढायचा. त्यात १९९६ साली त्यांनी अॅडम रिच ह्या एकेकाळच्या बालनटाच्या खुनाची खोटी बातमी छापली. तीही त्या नटाच्याच संमतीने. नट्या-नटांच्या मरणावर मासिकं जे ठरलेलं गळे काढणं करतात त्याची ती टर होती. म्हणजे छापील दुःखाचा बनाव ह्या पोराला आधीपासून कळलेला होता. आणि मग स्वतःच्याच आईबापाचं मरण छापायची वेळ आली. तेव्हा त्याने कुठल्या तोंडाने छापील गळा काढायचा होता?

ही झाली माझी अर्धी बाजू. आता गचांडी.

दुसऱ्या टोळीला ह्या पुस्तकात चलाखी आवडली. चलाखी आहेच. एगर्सची सगळ्यात मोठी चलाखी अशी की आपल्यावरचे सगळे आरोप तो आधीच स्वतःवर करून ठेवतो. रात्री झोपवताना आठ-दहा वर्षांचा भाऊ एकाएकी मोठ्या माणसासारखा बोलायला लागतो आणि डेव्हला सुनावतो की तू आपल्या घराचं दुःख वापरतोयस. पुढे एक मित्र जीव द्यायला निघालेला असतो. तोही मधेच पात्रातून बाहेर येऊन म्हणतो, मला तुझ्या पुस्तकाचा माल करू नकोस. टीव्हीच्या एका कार्यक्रमात घ्यावं म्हणून डेव्ह मुलाखत देतो. ती मुलाखत लांबत लांबत जाते आणि मग तोच कबूल करतो की ही खरी मुलाखत नाही, एवढं सगळं ओकायला मी काढलेली ही युक्ती आहे. वाचक टाळ्या वाजवतो. किती प्रामाणिक! किती जागा लेखक!

थांबा. आरोपी स्वतःच वकील, स्वतःच साक्षीदार आणि स्वतःच न्यायाधीश. त्या भावाच्या तोंडी आरोप घातला कुणी? डेव्हने. उत्तर दिलं कुणी? डेव्हने. पोरगं खरंच काय बोललं असतं ते कुठे आहे? गुन्हा कबूल करणं वेगळं आणि भरपाई करणं वेगळं. आपल्याला हे शिकवायला कुणी नको. "आमच्या पूर्वजांनी तुमच्यावर फार अन्याय केला हो", असं व्यासपीठावरून भरल्या गळ्याने सांगणारे आपण किती ऐकले! कबुली झकास. जमीन तिथेच.

आणि आरोप बाहेरून आलाच. खुद्द घरातून. पुस्तक गाजल्यावर एगर्सच्या बहिणीने जाहीरपणे म्हटलं की धाकट्याला वाढवण्यातला तिचा वाटा पुस्तकात फार कमी करून दाखवलाय. पुढे तिने ते बोलणं मागे घेतलं. भावाबहिणीतली गोष्ट, तिच्यात मी नाक खुपसत नाही. पण वाचक म्हणून माझ्या हातात एक प्रश्न राहिला. ज्या पुस्तकात लेखकाने स्वतःवर शंभर आरोप केले त्यात हा एकशे एकावा त्याला आधी का सुचला नाही? कारण स्वतःवर आरोप करताना माणूस परवडणारेच आरोप निवडतो. मी दुःख विकतोय, मी स्वतःत रमलोय, मी नाटकी आहे, हे आरोप ऐटीचे आहेत. धुणीभांडी कुणी केली, हा आरोप ऐटीचा नाही. तो ऋणनिर्देशाच्या एवढ्या पानांतही बसत नाही.

हे मी कुठल्या तोंडाने बोलतोय? माझ्याच.

बा'ची ती म्हातारीची गोष्ट मी लिहून एका अंकात दिली होती. पत्रं आली. एकाने लिहिलं, बाप मेला आणि ह्याला विनोद सुचतात, लाज वाटली पाहिजे. एका प्राध्यापकाने लिहिलं, दुःखाकडे बघण्याची नवी परिपक्व दृष्टी. मी दोन्ही पत्रं खिशात घालून फिरत होतो. पहिलं जास्त दाखवत होतो, कारण त्यात मी बंडखोर दिसत होतो. मग आक्काकडे गेलो. तिने अंक वाचला. भाकऱ्या थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "चांगलं लिहिलंस. पण सतरा दिवस डबा घेऊन कोण येत होतं रं? बा'ची चादर कोण बदलत होतं? तू त्या दिवशी आलास, हसलास, नि लिहिलंस. मी कुठाय ह्यात?"

मी म्हणालो, आक्का, ते त्या एका संध्याकाळचं होतं. ती म्हणाली, "संध्याकाळ काय एकट्या तुझीच होती?"

बैठकीतले साथी म्हणतील, तू तर लेखात स्वतःची टर उडवली होतीस! होय, उडवली होती. म्हणूनच तर भागलं असं समजलो. स्वतःची टर उडवणं स्वस्त पडतं. आक्काचं नाव लिहायला एक ओळ लागली असती, ती महाग वाटली.

आता त्या ओकलंड-बर्कलीच्या नकाशावर येतो. २००६ साली एगर्सने 'व्हॉट इज द व्हॉट' लिहिलं. सुदानच्या यादवीत घरदार तुटून शेकडो मैल पायी तुडवलेला वॅलेंटिनो अचक डेंग, त्याची कहाणी, त्याच्याच 'मी'मधून, कादंबरी म्हणून. इथे खोड्या नाहीत. स्टेपलर नाही, चेक नाही, उंची-वजन नाही. आणि हिशोबाचा विनोदही नाही, खराच हिशोब आहे. पुस्तकाचं उत्पन्न डेंगच्या प्रतिष्ठानकडे गेलं, त्यातून त्याच्या मारियाल बाई गावात शाळा उभी राहिली. ह्याला मी सलाम करतो. कबुली नव्हे, भरपाई म्हणतात ती ही.

पण बैठकीतल्या एका मित्राने म्हटलं, "बघा, आता लेखक पोक्त झाला, खोड्या सोडल्या", तेव्हा माझं टाळकं सटकलं. म्हणजे लेक फॉरेस्टच्या वकिलाचा मुलगा आईबापाच्या मरणावर उलटी पानं छापणार, ते नवं साहित्य. आणि दुःख काळ्या माणसाचं असलं की वाचक हात जोडून बसणार आणि म्हणणार, इथे सरळच बोला, इथे खोडी शोभत नाही. का? काळ्या माणसाला कोटी सुचत नाही? मरणाच्या दारात त्याला हसू फुटत नाही? का त्याने हसून दाखवलं तर तुमची दया वाया जाते?

हे आपल्याही अंगणात घडलेलं आहे. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं. त्याची मांडणी बघा. दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि ऐकणारा दया पवार. एकाच माणसाचे दोन तुकडे, एक दुसऱ्याकडे तिरकस नजरेने बघणारा. स्वतःवर नजर ठेवून लिहिण्याची ही तऱ्हा एगर्सच्या बावीस वर्षं आधीची. पण पांढरपेशा वाचकाने काय उचललं? दाहक, विदारक, प्रांजळ. म्हणजे हा माणूस लिहीत नाही, ह्याची जखम आपोआप वाहते! आणि आपल्यातल्या काहींनी काय म्हटलं? घरची लक्तरं वेशीवर टांगली. ते रडण्याचा दाखला मागत होते, हे अब्रूचा. रचनेबद्दल बोलणारे फार थोडे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. हसण्याचा, तिरकं बोलण्याचा, स्वतःच्या दुःखाकडे डोळा मारण्याचा हक्क एगर्सला आहे, तसा तो दगडूला आहे, डेंगला आहे, माझ्या बा'ला होता. तो कुणी खैरात म्हणून वाटायचा नाही आणि कुणाकडून काढून घ्यायचा नाही. पण त्या हक्काबरोबर एक देणं येतं. जे जिवंत माणूस तुझ्या पानावर उभं आहे त्याचा वाटा मोज. स्वतःला चार शिव्या घातल्या म्हणून तो फिटत नाही.

पहिल्या टोळीने दाखला मागितला आणि दुसरीने टाळ्या दिल्या. हिशोब कुणीच मागितला नाही. तो मागितला आक्काने, भाकऱ्या थापता थापता. आमच्या बैठकीतली सगळ्यात पक्की समीक्षक तीच निघाली, आणि तिला आम्ही बैठकीला कधी बोलावलंच नव्हतं.

तेव्हा माझ्या त्या जुन्या लेखात आज ही एक ओळ घालतो. अंक जुना झाला म्हणून इथे घालतो: सतरा दिवस डबा आक्का आणत होती, चादर तीच बदलत होती, आणि त्या संध्याकाळी म्हातारीला पाणी आणून दिलं तेही तिनेच. मी हसत होतो.

वाचकहो, आम्हाला रडण्याचा दाखला मागू नका. तो मिळणार नाही. मागायचाच तर हिशोब मागा!